भिंतीवरच्या बकऱ्या फेक नव्हत्या

हा भाग ऐकायचं सोडून वाचताय म्हणजे एकतर लोकलमध्ये नेटवर्क गेलंय, नाहीतर इअरफोनची एक बाजू बंद पडलीये. काही हरकत नाही. बोलताना मी जिथे 'म्हणजे, म्हणजे' केलं ते गाळलंय, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो आला. धरणाची दगडी भिंत, अगदी सरळ उभी. आणि त्या भिंतीवर, अधांतरी म्हणावं अशा, दहा-पंधरा बकऱ्या. काही वर चढतायत, काही नुसत्याच उभ्या. खाली मजकूर होता की हे अमेरिकेतल्या वायोमिंगमधलं बफेलो बिल धरण आहे, ही तिथली रानमेंढरं आहेत, आणि शेवटी नेहमीचं 'निसर्गाचा चमत्कार, पुढे पाठवा'. मी बीटेक झालेला माणूस, रोज आठ तास दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारा. फोटो झूम केला, सावल्या बघितल्या आणि ग्रुपवर जाहीर केलं, 'फेक आहे. कुठलाही चार पायांचा प्राणी नव्वद अंशांच्या भिंतीवर उभा राहू शकत नाही. साधं फिजिक्स आहे.'

दोन मिनिटांनी मामाचा व्हॉइस मेसेज आला. मामा आयुष्यभर बंधारे आणि धरणांच्या कामांवर सुपरवायझर होता. तो एवढंच म्हणाला, 'अरे, ती भिंत नव्वद अंशात आहे असं तुला कुणी सांगितलं? आणि भिंतीला लोणा लागलाय, दिसत नाही का? शेळी लोणा चाटणार नाही तर काय करणार?'

मी दोन्ही बाबतींत चुकलो होतो. मजकूर चुकीचा होता, फोटो मात्र शंभर टक्के खरा होता. आजचा भाग मामाच्या त्या दोन वाक्यांवरच आहे, कारण सगळी गोष्ट त्यातच होती.

आधी पत्ता दुरुस्त करू. ते धरण अमेरिकेत नाही, इटलीत आहे. नाव चिंजीनो. स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून असलेल्या आंत्रोना खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २२५० मीटर उंचीवर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे, यावरून अंदाज घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीकडे कोळसा जवळपास नव्हता, पण आल्प्सचा बर्फ वितळून येणारं पाणी भरपूर होतं. त्यामुळे १९२०च्या दशकात तिथे डोंगरात उंचावर एकामागून एक जलविद्युत धरणं बांधली गेली. चिंजीनो त्यातलंच एक. त्याच पिढीतलं दुसरं धरण म्हणजे लोम्बार्दी प्रांतातलं बार्बेल्लीनो. ते १९३१ मध्ये पुरं झालं, आणि तिथेही हेच दृश्य दिसतं. पुढचं बरंचसं मी बार्बेल्लीनोबद्दल सांगणार आहे, कारण तिथे या प्राण्यांवर व्यवस्थित अभ्यास झालाय.

आणि त्या मेंढ्या नाहीत. तो आहे आल्पाइन आयबेक्स, म्हणजे आल्प्सचा रानबकरा. स्पितीला बाइक घेऊन गेला असाल आणि किब्बरच्या आसपास कड्यावर मागे वळलेल्या शिंगांचा बकरा दिसला असेल, तर तो याचा चुलतभाऊ, सायबेरियन आयबेक्स.

आता 'नव्वद अंश'. इथे मला स्वतःचीच लाज वाटली, कारण हे मी कॉलेजात शिकलो होतो.

पाणी भिंतीला ढकलतं, आणि जितकं खोल जावं तितकं जास्त ढकलतं. ५० मीटर खोलीवर दर चौरस मीटरला जवळजवळ ५० टन दाब असतो. म्हणजे पन्नासेक मोटारी एका चौरस मीटरवर आडव्या रेटताहेत असं समजा. दगडी किंवा काँक्रीटचं साधं धरण हा रेटा कशाच्या जोरावर सहन करतं? फक्त स्वतःच्या वजनाच्या. म्हणून त्याला गुरुत्व धरण म्हणतात, इंजिनिअर लोक ग्रॅव्हिटी डॅम म्हणतात. वर दाब कमी म्हणून भिंत बारीक, तळाशी दाब जास्त म्हणून भिंत जाड. उभी चीर पाडून बघितली तर आकार त्रिकोणाचा दिसतो. पाण्याकडची बाजू जवळजवळ उभी, आणि दुसरी बाजू, जिकडून आपण फोटो काढतो ती कोरडी बाजू, उतरती. भंडारदऱ्याला गेला असाल तर आठवून बघा. ते धरणही त्याच काळातलं, १९२६ मध्ये पूर्ण झालेलं आणि दगडीच. पायथ्याशी उभं राहून बघितलं की भिंत खाली पसरत आलेली दिसते. पण फोटो अगदी समोरून काढा, जरा लांबून झूम करून, की तो उतार गायब. मोबाइलच्या पडद्यावर राहते फक्त सपाट उभी भिंत.

मग उतार किती? ढोबळ हिशेब सोपा आहे. गुरुत्व धरणाचा तळ साधारणपणे उंचीच्या ७० ते ८० टक्के रुंद ठेवतात. पाण्याकडची बाजू उभी धरली, तर दुसऱ्या बाजूला दर ७०-८० सेंटिमीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ. टक्क्यांत मांडलं तर साधारण १२५ ते १४३.

हा आकडा काढून मी गप्प बसलो होतो. मग मिलानच्या दोन संशोधकांचा २०१७ चा शोधनिबंध सापडला. त्यांनी बार्बेल्लीनोच्या भिंतीवर चढणाऱ्या-उतरणाऱ्या आयबेक्सचं चित्रीकरण करून त्यांच्या चालण्याचा हिशेब मांडलाय. त्यांनी दिलेला भिंतीचा चढ आहे १२३ ते १५५ टक्के. म्हणजे अंशांत ५१ ते ५७. पाठ्यपुस्तकातला त्रिकोण आणि बकऱ्यांच्या पायाखालचा उतार जुळले! खरं सांगतो, ऑफिसमध्ये सगळ्या टेस्ट पहिल्याच झटक्यात पास झाल्यावर सुद्धा एवढा आनंद होत नाही.

पण '५७ अंशच आहे की मग' असं म्हणून सोडून देऊ नका. ५७ अंश म्हणजे काय हे शिडीवरून समजून घ्या. भिंतीला टेकवलेली शिडी साधारण ७५ अंशात असते, पण तिला पायऱ्या असतात आणि आपण ती हातांनी धरतो. गुळगुळीत उतारावर नुसतं घर्षणाच्या भरवशावर उभं राहायचं, तर घर्षणाचा गुणांक उताराच्या आकड्याएवढा तरी हवा. १५५ टक्के उतार म्हणजे १.५५. चांगल्या बुटाचा रबर कोरड्या काँक्रीटवर १च्या आसपास पोचतो. म्हणजे तुम्ही-आम्ही तिथे ट्रेकिंगचे महागडे शूज घालून उभे राहिलो तरी घसरणार. पाऊस असेल तर विचारूच नका.

आयबेक्स घसरत नाही त्याला दोन कारणं. पहिलं, भिंत गुळगुळीत नाही. दगडांच्या कडा, सांधे, दोन-तीन सेंटिमीटरची ओठासारखी बाहेर आलेली जागा, एवढं त्याला पुरतं. दुसरं, त्याचा खूर. खुराचे दोन भाग एकमेकांपासून फाकू शकतात, त्यामुळे वेडीवाकडी कड चिमटीत धरल्यासारखी धरता येते. बाहेरची कड कडक असते, ती खाचेत रुतते. आतला तळवा मऊ असतो, तो दगडाला चिकटून बसतो. एकाच पायात खिळ्यांचा बूट आणि रबरी सोल दोन्ही. त्यात पाय आखूड, शरीर भिंतीजवळ, गुरुत्वमध्य खाली. आणि आपल्याला खाली बघितल्यावर जी चक्कर येते, ती त्याला येत असावी असं काही त्याच्या वागण्यावरून वाटत नाही.

एक बारकावा फोटो बघताना माझ्या लक्षातच आला नव्हता. भिंतीवर ज्या दिसतात त्या बहुतेक माद्या आणि पिल्लं. नर एखादाच. पोस्टरवर असतो तो मीटरभर लांब शिंगांचा रुबाबदार नर सहसा खाली कुरणातच असतो. तो जड असतो, शंभर किलोपर्यंत जातो. मादी त्याच्या निम्म्याहूनही हलकी. त्यामुळे तिला वर जाणं जमतं. पण तिला वर जावं का लागतं, हा खरा प्रश्न आहे, आणि इथे मामाचं दुसरं वाक्य येतं.

लोणा. शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. जुन्या घराच्या भिंतीवर ओल आली की पांढरी, भुरभुरीत पावडर येते ना, बोटाने घासली की निघणारी? तोच लोणा. शब्दच मुळी लवणावरून आलाय. पाणी भिंतीतून झिरपतं, आतले क्षार विरघळवून घेतं, पृष्ठभागावर येऊन वाळतं आणि क्षार मागे ठेवून जातं. धरणात तर एका बाजूला बारा महिने पाणी आणि दुसऱ्या बाजूला ऊन-वारा. लोणा तयार करायचं यंत्रच म्हणा ना.

बार्बेल्लीनोच्या भिंतीवर बकऱ्या जे चाटतात त्या खनिजाचं नाव आहे एट्रिंगाइट. जर्मनीतल्या एट्रिंगन गावाजवळ ते पहिल्यांदा सापडलं म्हणून हे नाव. निसर्गात ते दुर्मीळ आहे, पण तुम्ही आत्ता ज्या इमारतीत बसला आहात तिच्या स्लॅबमध्ये ते नक्की तयार झालेलं होतं. सिमेंटमध्ये पाणी घातलं की पहिल्या काही तासांतच ते बनायला लागतं. त्यात कॅल्शियम, ॲल्युमिनियम, सल्फेट आणि भरपूर पाणी असतं. इंटरनेटवर सगळीकडे 'बकऱ्या मीठ चाटतात' असं लिहिलेलं असतं, पण शुद्ध एट्रिंगाइटमध्ये सोडियमचा कणही नसतो. म्हणजे जेवणातलं मीठ नव्हे, खनिज क्षार. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. ज्या मादीला दूध येतंय आणि ज्या पिल्लाची हाडं वाढतायत, त्यांना कॅल्शियमही तितकंच हवं असतं. अर्थात भिंतीवरच्या लोण्यात एकच खनिज कधी नसतं. सिमेंटमधून सोडियम-पोटॅशियमचे क्षारही असेच बाहेर येतात.

आता वेळ बघा. आयबेक्सची पिल्लं मे-जूनच्या सुमारास जन्मतात, तेव्हा आल्प्समध्ये नवं गवत नुकतंच फुटलेलं असतं. कोवळं गवत म्हणजे मेजवानी, पण त्यात पाणी आणि पोटॅशियम जास्त, सोडियम जवळजवळ नाही. समुद्रापासून लांब, डोंगरावर, बर्फाच्या पाण्याने धुतलेल्या मातीत सोडियम येणार कुठून? जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकताना शरीरातलं सोडियमही जातं. त्यात दूध, आणि दुधातूनही क्षार जातात. म्हणजे गवत मुबलक, पोट भरलेलं, आणि तरी शरीर आतून मागतंय. फोटोखाली लोक लिहितात, 'काय डेअरिंग आहे!' मला ते आता तसं दिसत नाही. ही गरज आहे. घरात कुणी गरोदर असेल आणि माती किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते म्हणत असेल, तर तुम्हाला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

मामाने नंतर फोनवर सांगितलं की आजोळी गोठ्याच्या मागच्या भिंतीचा गिलावा एका पट्ट्यात नेहमी झिजलेला असायचा, बरोबर शेळीच्या तोंडाच्या उंचीला. मी ती भिंत लहानपणी शंभर वेळा बघितलीये. कधी विचारलंच नाही.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. तो विकिपीडियाच्या एका पानावर मिळत नाही, तुकडे जोडावे लागतात.

आयबेक्स जवळपास संपला होता. मध्ययुगापासून युरोपात त्याच्याकडे चालतंबोलतं औषधाचं दुकान म्हणून बघायचे. शिंगाची पूड, रक्त, पोटातला खडा, हृदयातलं छोटं हाड, सगळ्याला भाव. बंदुका आल्यावर काम अजून सोपं झालं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अख्ख्या आल्प्समध्ये शंभरेक प्राणी उरले, तेही एकाच डोंगररांगेत, वायव्य इटलीतल्या ग्रान पारादीझोत. १८२१ मध्ये तिथे शिकारीला बंदी आली. १८५६ मध्ये राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने ती जागा राखीव केली. कशासाठी? स्वतःला शिकार करता यावी म्हणून! हेतू काहीही असो, पहारेकरी बसले आणि प्राणी वाचला. १९२२ मध्ये तिथेच इटलीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. स्विस लोकांना आयबेक्स हवे होते, पण राजघराणं विकेना, म्हणून १९०६ पासून त्यांनी पिल्लं चक्क तस्करी करून सीमेपार नेली, वाढवली आणि १९११ मध्ये रानात सोडली. आज आल्प्समध्ये सुमारे ५०,००० आयबेक्स आहेत. ते सगळे त्या शंभरेकांचे वंशज. सगळे एकमेकांचे नातेवाईक, त्यामुळे जनुकांत विविधता फार थोडी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तारखा शेजारी ठेवा. बार्बेल्लीनो धरण १९३१ मध्ये पुरं झालं. त्या वेळी त्या डोंगरांत आयबेक्स नव्हतेच. ते तिथे आणून सोडले गेले १९८०च्या दशकाच्या शेवटी, ग्रान पारादीझोतून. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं ती भिंत पाणी झिरपवत, क्षार साठवत नुसती उभी होती, चाटायला कुणी नव्हतं. ज्या इंजिनिअरांनी ती बांधली त्यांच्या ड्रॉइंगमध्ये वीज होती, पाणी होतं, दाब होता. बकरी नव्हती. आमच्या भाषेत सांगायचं तर कुणी न मागितलेलं फीचर, आणि युजर आला अर्ध्या शतकानंतर. तो आला आणि त्याने कुठलंही मॅन्युअल न वाचता बरोबर ओळखलं की हा कडा आहे, याला क्षार आहेत आणि इथे लांडगा येऊ शकत नाही.

लांडग्याचं म्हणाल तर तेही आता आल्प्समध्ये परत आलेत, १९९०च्या दशकापासून. गरुड तर होतेच, आणि सोनेरी गरुड आयबेक्सचं पिल्लू उचलू शकतो. त्यामुळे पिल्लू आईला चिकटून भिंतीवर असतं, ते फक्त चाटायला नाही.

बरं, एक अवांतर. बार्बेल्लीनोमुळे तिथला सेरिओ नदीचा धबधबा आटला. ३१५ मीटरचा धबधबा, तीन टप्प्यांत पडणारा. नदीचं पाणी धरणात अडलं, विजेकडे गेलं. आता वर्षातून पाच वेळा, आधी वेळापत्रक जाहीर करून, अर्धा तास धबधबा 'चालू' करतात आणि खाली हजारो लोक बघायला जमतात. भंडारदऱ्याच्या अंब्रेला फॉलला पाणी सोडलंय का हे व्हॉट्सॲपवर विचारून निघणाऱ्या आपल्या मंडळींना यात काही नवल वाटणार नाही. पण धरणाचा हिशेब मांडायचा तर हेही मांडायला हवं. बकऱ्यांना भिंत मिळाली म्हणून नदीचं गेलेलं भरून आलं असं होत नाही.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी मामाला सगळं ऐकवलं. फोटो खरा होता हे मान्य केलं. ग्रुपवर तसं लिहिलं सुद्धा, वायोमिंगचा मजकूर दुरुस्त करून. त्याला कुणी काहीच उत्तर दिलं नाही, एका मावशीने अंगठा टाकला. मामाने मात्र प्रश्न विचारला, आणि प्रश्न चांगला होता. 'मग त्यांच्यासाठी खाली चाटण विटा का टांगत नाहीत? गोठ्यात आपण टांगतो तशा. बिचाऱ्या एवढ्या वर कशाला चढतील?'

मी शोधलं. आल्प्समध्ये मेंढपाळ उन्हाळ्यात कुरणांवर मिठाचे ढेप ठेवतात, आणि आयबेक्स तिथेही येतात. अडचण तिथेच आहे. एकाच ढेपेला मेंढी तोंड लावते आणि रानबकराही. मेंढ्यांमध्ये डोळ्यांचा एक संसर्ग असतो, मायकोप्लाझ्मा जातीच्या जिवाणूंमुळे होणारा. मेंढीला त्याचं फारसं काही होत नाही, डोळे लाल होतात, बरे होतात. पण तोच आयबेक्सला किंवा शामवा नावाच्या तिथल्या रानशेळीला झाला तर काही काळ आंधळेपण येऊ शकतं. आणि कड्यावर राहणारा प्राणी आंधळा झाला तर तो कड्यावरून पडतो. शंभरेक पूर्वजांपासून आलेल्या, आधीच कमी विविधता असलेल्या प्राण्यासाठी अशी साथ जास्तच काळजीची.

मामा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'म्हणजे मेंढरं जिथं पोचत नाहीत तिथंच चाटतायत ते बरंय.' आणि लगेच, 'त्या भिंतीचं पॉइंटिंग करायला घेतलं की मला सांग. सिमेंट कुठलं वापरतात बघायचंय.'